शोलेच्या आधीचे गाव : पटकथाकार ग. रा. कामत

१/
‘शोले’ कुठून आला, असे विचारले की आपल्याकडे उत्तरे तयार असतात. कोणी अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराय’चे (१९५४) नाव घेतो, कोणी त्याच्या अमेरिकी अवताराचे म्हणजे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’चे (१९६०), कोणी सर्जिओ लिओनी यांच्या इटालियन वेस्टर्नपटांचे. तिन्ही उत्तरे खरी आहेत. मात्र या प्रवासवर्णनात आपण टोकियो, हॉलिवूड आणि रोम ही स्थानके घेऊन थेट कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांवर उतरतो आणि वाटेतले एक गाव मागे टाकून जातो. ते गाव १९७१ साली हिंदी पडद्यावर उभे राहिले होते. त्याची पटकथा एका मराठी माणसाने लिहिली होती. त्यांचे नाव गजानन रा. कामत, म्हणजेच मराठी वाचकांचे ग. रा. कामत आणि हिंदी श्रेयनामावलीतले जी. आर. कामत. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/
प्रथम त्या चित्रपटाविषयी. ‘मेरा गाँव मेरा देश’, दिग्दर्शक राज खोसला, वर्ष १९७१. शिक्षा भोगून सुटलेला अजित नावाचा भुरटा चोर एका गावात येतो. त्याला आसरा देणारा गृहस्थ निवृत्त सैनिक असून त्याने एक हात गमावलेला आहे. गावावर जब्बरसिंग नावाच्या डाकूची दहशत आहे. चोराला हळूहळू गावाचा लळा लागतो आणि तोच डाकूसमोर उभा राहतो. अजितची भूमिका धर्मेंद्र यांची, जब्बरसिंग विनोद खन्ना यांचा आणि निवृत्त सैनिकाची भूमिका जयंत यांची.

आता चार वर्षे पुढे या. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. पुन्हा धर्मेंद्र, पुन्हा भुरटा चोर, पुन्हा हात गमावलेला वडीलधारा माणूस, पुन्हा डाकूच्या दहशतीखालचे गाव. जब्बरच्या जागी गब्बर. गब्बरसिंग साकारणारे अमजद खान हे जयंत यांचे चिरंजीव. जयंत यांचे निधन जून १९७५ मध्ये झाले, त्यामुळे आपल्या मुलाचा गब्बर प्रेक्षकांनी कसा डोक्यावर घेतला, हे त्यांना पाहता आले नाही. ‘शोले’ ही नक्कल होती, असे येथे सुचवायचे नाही. सलीम-जावेद यांचे कर्तृत्व स्वतंत्र आहे आणि ते मोठे आहे. परंतु प्रत्येक इमारतीखाली आधीच्या वस्तीचा एक थर असतो, आणि तो उकरून पाहणे हे आपले, इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.

३/
कामत यांचा प्रारंभ मात्र डाकूंपासून फार दूर झाला. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांच्या परिवारात त्यांनी संपादनाचे काम केले. ज्यांना ‘सत्यकथा’ हे नाव केवळ पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे त्यांच्यासाठी : मराठी नवकथा आणि नवकविता ज्या मासिकाच्या पानांतून घडली ते हे मासिक. तेथे कथा छापून येणे हा लेखकासाठी मान होता आणि तेथून साभार परत येणे हाही एक सार्वत्रिक अनुभव होता. कथेतला एकेक शब्द तोलून घेणाऱ्या त्या वातावरणातून एक संपादक चित्रपटाकडे वळला.

१९५२ साली राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ आला. कथेवर कामत यांचे नाव, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. एका महिन्यात एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे, अशी अट घालून कथा सुरू होते आणि पैसे उडवणे हेच कसे कठीण होऊन बसते याची गंमत रंगत जाते. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे ती अट. मुदत ठरलेली, आकडा ठरलेला, सुटका नाही. रहस्यपटाला जो ताण लागतो त्याची मांडणी या विनोदी चित्रपटातही दिसते.

४/
याच चित्रपटातून कुमुद आणि कुसुम सुखटणकर या सख्ख्या बहिणी पडद्यावर आल्या. प्रेक्षकांना त्या रेखा आणि चित्रा या नावांनी परिचित झाल्या. पुढे रेखा यांचा विवाह ग. रा. कामत यांच्याशी झाला. रेखा कामत यांना आपल्या पिढीने दूरचित्रवाणीवरच्या प्रेमळ आजीच्या रूपात पाहिले आहे. त्यांचे निधन जानेवारी २०२२ मध्ये झाले. चित्रा यांचा विवाह दिग्दर्शक राजा नवाथे यांच्याशी झाला. हे राजा नवाथे म्हणजे ‘आह’ (१९५३) आणि ‘गुमनाम’ (१९६५) यांचे दिग्दर्शक. निर्जन जागी अडकलेली माणसे एकामागून एक मारली जातात, ही अगाथा ख्रिस्तीची कल्पना ज्या चित्रपटाने हिंदीत लोकप्रिय केली तो ‘गुमनाम’.

म्हणजे एका मराठी घरातल्या दोन बहिणी, आणि त्यांच्या यजमानांपैकी एकाने साठच्या दशकातला एक गाजलेला हिंदी रहस्यपट दिग्दर्शित केला, तर दुसऱ्याने दुसरा लिहिला. हिंदी रहस्यपटाच्या इतिहासात हा मराठी धागा क्वचितच ओवला जातो.

५/
राज खोसला हे गुरुदत्त यांचे सहायक. ‘सी. आय. डी.’ (१९५६) या गुन्हेपटाने त्यांचे नाव झाले. नवकेतनच्या ‘काला पानी’ (१९५८) या चित्रपटापासून कामत आणि खोसला यांचे नाते दिसू लागते. नायकाला तरुणपणी कळते की ज्याला आपण मृत समजत होतो तो आपला पिता जिवंत आहे आणि खुनाच्या आरोपाखाली हैदराबादच्या तुरुंगात खितपत पडला आहे. मग तो पित्याचे निर्दोषत्व सिद्ध करायला निघतो.

या कथेचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. मूळ ए. जे. क्रोनिन यांची इंग्रजी कादंबरी, तिच्यावरून १९५५ चा बंगाली चित्रपट ‘सबार उपरे’, आणि त्यानंतर हा हिंदी चित्रपट. इंग्लंडातली कथा कलकत्त्यामार्गे मुंबईत आली आणि हैदराबादच्या तवायफखान्यात स्थिरावली. पटकथाकाराचे काम नेमके काय असते, हे येथे उमगते. घटना उसनी असू शकते. ती आपल्या मातीत कोणत्या दारातून आणायची, कोणते पात्र कोणत्या वळणावर काय लपवील आणि केव्हा बोलेल, हे ठरवणे म्हणजे पटकथा. साक्षीदार बोलेपर्यंत न्याय खोळंबलेला आहे, हा ‘काला पानी’चा कणा आहे. कामत पुढे या कण्याकडे वारंवार परत येतात.

६/
येथे थोडे थांबून त्या काळातल्या मराठी वाचनाकडे पाहू. एकीकडे ‘सत्यकथा’, तर दुसरीकडे भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून रात्रीत संपवायच्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ हे नायक घरोघरी पोचले होते. या दोन वाचनविश्वांच्या मधे भिंत होती. अलीकडचा वाचक पलीकडचे पुस्तक वाचत असे, मात्र कव्हर घालून.

या पार्श्वभूमीवर १९६४ साली राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. आधार जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीचा. प्रमुख भूमिकेत काशिनाथ घाणेकर आणि भावना. ‘पाठलाग’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रहस्यपट हा दुय्यम प्रकार, ही समजूत निदान त्या एका वर्षी बाजूला ठेवावी लागली. १९६५ साली तमिळमध्ये त्याचा ‘इदय कमलम्’ झाला. आणि १९६६ साली कामतांच्या पटकथेतून तो हिंदीत आला : ‘मेरा साया’.

७/
‘मेरा साया’चा पेच आजही थक्क करतो. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. त्यानंतर पोलीस डाकूंच्या टोळीतली एक स्त्री पकडून आणतात. ती हुबेहूब त्या पत्नीसारखी दिसते आणि आपणच ती पत्नी असल्याचे सांगते. ज्याने स्वतः अग्निसंस्कार केला त्या पतीला न्यायालयात उभे राहावे लागते. पती-पत्नींखेरीज कोणालाही ठाऊक नसणाऱ्या खुणा ती स्त्री सांगत जाते, आणि त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास डळमळू लागतो. साधना यांची दुहेरी भूमिका, सुनील दत्त यांचा वकील, मदन मोहन यांचे संगीत आणि उदयपूरचे तळ्यातले महाल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी रहस्य फोडत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा चित्रपट वेगळ्या कारणासाठी पाहावा. माणूस तोच आहे हे सिद्ध कसे करायचे? चेहऱ्यावरून? आठवणींवरून? कागदावरून? आपल्याला अभिलेखागारात रोज पडणारा प्रश्न येथे भर न्यायालयात विचारला आहे. साक्ष खरी वाटते, पण ती पुराव्याशी जुळत नाही. पुरावा भक्कम आहे, पण साक्षीदाराचे रडणे खोटे वाटत नाही. ऐतिहासिक टीकापद्धतीवरचा एखादा धडा समजायला जड गेला, तर ‘मेरा साया’चे न्यायालयातले प्रसंग पाहावेत.

८/
कामतांनी त्याच वर्षी ‘दो बदन’ची पटकथा लिहिली आणि १९६९ साली ‘दो रास्ते’ची. ‘दो रास्ते’ हा कौटुंबिक चित्रपट असल्याने या धाग्याच्या विषयात बसत नाही, तरी त्याचे मूळ सांगायलाच हवे : चंद्रकांत काकोडकर यांची ‘नीलांबरी’ ही मराठी कादंबरी.

काकोडकर म्हणजे तेच, ज्यांच्या ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो चालला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना निर्दोष ठरवले. ज्या वर्षी देशातले सर्वोच्च न्यायपीठ एका मराठी लेखकाची कथा अश्लील आहे की नाही हे पडताळून पाहत होते, त्याच वर्षी त्याच लेखकाच्या कादंबरीवरचा चित्रपट कुटुंबेच्या कुटुंबे एकत्र बसून पाहत होती. ‘सत्यकथा’च्या उंबरठ्यावर जिला प्रवेश मिळणे कठीण होते, त्या लोकप्रिय मराठी कादंबरीला हिंदी पडद्यापर्यंत पोचवणाऱ्या माणसांत ‘सत्यकथा’च्याच परिवारातला एक माजी संपादक होता. कव्हर घालून वाचायची पुस्तके त्याने बहुधा कव्हर न घालता वाचली असावीत, असे मला वाटते.

९/
आता पुन्हा डाकूंकडे. अमेरिकी वेस्टर्नपटाला लागते काय? विस्तीर्ण निर्जन भूमी, दुबळे सरकार, घोडे, बंदुका आणि कायदा पोचायच्या आत न्याय करणारा माणूस. हे सर्व आपल्याकडे चंबळच्या घळींत आयते होते. १९६० साली विनोबांच्या भिंडकडच्या पदयात्रेत डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत मोठे समर्पण झाले. या दोन घटनांच्या दरम्यानचा काळ हिंदी डाकूपटाचा बहराचा काळ आहे : ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०), ‘गंगा जमुना’ (१९६१), ‘मुझे जीने दो’ (१९६३).

या तिन्ही चित्रपटांत डाकूला एक दुखावलेला आत्मा आहे. कोणाला सुधारायचे आहे, कोणावर अन्याय झाला आहे, कोणाला मुलासाठी चांगले आयुष्य हवे आहे. विनोबांच्या पदयात्रेची छाया या कथांवर स्पष्ट दिसते. ‘मेरा गाँव मेरा देश’ने हे सूत्र उलटवले. जब्बरसिंगाला पश्चात्ताप नाही. सुधारणा होते ती चोराची आणि लढायला शिकते ते गाव. डाकूचे अंतःकरण शोधण्याऐवजी गावाची हिंमत शोधणारी ही कथा आहे, आणि गब्बरसिंगाला लागणारी जमीन येथे तयार झाली. १९७३ साली, म्हणजे जौरा येथील समर्पणानंतरच्या वर्षी, खोसला आणि कामत यांनी पुन्हा डाकूंचाच ‘कच्चे धागे’ केला. त्यात विनोद खन्ना आणि कबीर बेदी हे परस्परांचे वैरी असलेले दोन डाकू आहेत.

१०/
कामतांचे रहस्यपट आणि डाकूपट शेजारी ठेवून पाहिले की जाणवते, दोन्हींचा सांगाडा एक आहे. ‘काला पानी’त निरपराध माणूस खुनी या नावाने तुरुंगात आहे. ‘मेरा साया’त एक स्त्री डाकू या नावाने पिंजऱ्यात उभी आहे. ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये एक माणूस चोर या नावाने गावात येतो. तिघांच्याही कपाळी कायद्याने एक शिक्का मारला आहे आणि तो पुसण्यासाठी किंवा खोटा ठरवण्यासाठी सारी कथा घडते. रहस्यपटात ही लढाई न्यायालयात होते. डाकूपटात न्यायालय दूर असते, म्हणून ती उघड्या माळावर होते. ‘मेरा साया’त हे दोन्ही प्रदेश एकमेकांना भिडतात : आरोपी डाकूंच्या टोळीतून आलेली असते आणि निवाडा वकिलाच्या दारात होतो. लेखकाने एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे उडी घेतली, असे म्हणण्यापेक्षा तो एकच प्रश्न घेऊन शहरातून रानात गेला, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

११/
आता वऱ्हाडातली एक साक्ष. मी नांदगाव पेठची. आमच्या गावाहून अमरावती दहा-बारा किलोमीटर. माझ्या आजोबांच्या तरुणपणी कापसाचा चुकारा हाती पडला की चार मित्र मिळून अमरावतीला जायचे आणि एक खेळ पाहून रात्री परतायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या आठवणी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. मी त्यांना ‘मेरा गाँव मेरा देश’ची गोष्ट विचारली. ते म्हणाले, “तो धर्मेंदर पह्यले चोर होता न पोरी. मंग त्या बुढ्यानं त्याले गावात ठेवला. बुढ्याले एकच हात होता. दुसरा गब्बरनं तोडला.”

मी विचारले, “आबाजी, हात एक गेला होता की दोन्ही?”

“एकच. माह्या डोयानं पाह्यलं.”

नीट पाहा. एक हात उरलेला म्हातारा ‘मेरा गाँव मेरा देश’चा. हात तोडणारा गब्बर ‘शोले’चा. ‘शोले’तल्या ठाकूरचे दोन्ही हात गेले होते. माझ्या आजोबांच्या स्मृतीत दोन चित्रपटांचा एक चित्रपट झाला आहे, आणि त्यात पाया १९७१ चा असून कळसावरचे नाव १९७५ चे आहे.

१२/
मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांना ही गोष्ट परिचित आहे. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने तेर्नी येथील पोलाद कामगारांच्या मुलाखती घेतल्या. लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली पोलिसांच्या हातून मारला गेला होता. अनेक कामगारांनी मात्र त्याचा मृत्यू १९५३ मधल्या कामगारकपातीच्या वेळच्या संघर्षात झाल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक म्हणून फेकून दिली नाही. लोकांनी मृत्यू त्या वर्षाकडे का सरकवला, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

आजोबांच्या गब्बरकडे मी तसेच पाहते. जब्बरचे नाव का गळले? कारण ‘शोले’चे संवाद ध्वनिमुद्रिकेवर आले, कॅसेटवर आले, लग्नमंडपातल्या भोंग्यांवर वाजले. जब्बरसिंगाला तो मार्ग मिळाला नाही. मात्र गोष्टीचा सांगाडा, म्हणजे चोर, म्हातारा, गाव आणि तुटलेला हात, तो जसाच्या तसा राहिला. कथा टिकली आणि नाव दुसऱ्याचे चिकटले. पटकथाकाराच्या वाट्याला येणाऱ्या नियतीचे याहून नेमके उदाहरण मला अभिलेखागारात सापडले नसते.

१३/
ही नियती केवळ दैवाने आलेली नाही, तिच्यामागे कामाची विभागणी आहे. हिंदी चित्रपटात कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेये वेगवेगळी दिली जातात. कामतांसारखा मराठीभाषक लेखक प्रसंगांची साखळी बांधत असे आणि पात्रांच्या तोंडची उर्दूमिश्रित हिंदी दुसरा लेखक लिहीत असे. ‘मेरा साया’चे संवाद अख्तर-उल-ईमान यांचे, ‘मेरा गाँव मेरा देश’चे अख्तर रोमानी यांचे. प्रेक्षक घरी घेऊन जातो ते संवाद आणि गाणी. प्रसंग कोणत्या क्रमाने आले, हे कोणी गुणगुणत नाही. घराचा रंग सर्वांना आठवतो, तुळया कोणी घातल्या हे घरमालकही विसरतो.

सलीम-जावेद या जोडीने कथा, पटकथा आणि संवाद तिन्ही आपल्या हाती घेतले आणि ‘जंजीर’पासून (१९७३) पोस्टरवर आपले नाव असावे यासाठी आग्रह धरला. लेखकाच्या प्रतिष्ठेच्या इतिहासात ते वर्ष महत्त्वाचे आहे. कामत त्या वर्षाच्या अलीकडच्या पिढीतले. त्यांची कारकीर्द श्रेयनामावलीतल्या काही क्षणांत आणि चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पातळ पुस्तिकांच्या मलपृष्ठावर सामावली आहे.

१४/
नावे कशी टिकतात याचा विचार करताना मला अमरावतीचे चौक आठवतात. राजकमल चौक, प्रभात चौक, चित्रा चौक, सरोज चौक, श्याम चौक. बाहेरगावच्या माणसाला ही नावे कोणा थोर व्यक्तींची वाटतील. ती टॉकीजची आहेत. आता तेथे ऑटोवाले त्या नावांनी सवाऱ्या पुकारतात आणि पंचविशीच्या आतल्या बऱ्याच प्रवाशांना या नावांमागचा पडदा ठाऊक नसतो.

त्याहून विलक्षण गोष्ट आपल्या प्रांताची. ‘सी. पी. अँड बेरार’ हा प्रांत १९५० मध्ये संपला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. नकाशावरून पुसलेला हा प्रांत चित्रपट-व्यवसायात मात्र अजून जिवंत आहे. वितरणाच्या हिशेबात ‘सी. पी. बेरार’ हा विभाग आजही लिहिला जातो. ज्या पेट्यांतून ‘मेरा साया’ची आणि ‘मेरा गाँव मेरा देश’ची रिळे वऱ्हाडात आली, त्या या मृत प्रांताच्या नावाने आल्या. म्हणजे टॉकीजची नावे टिकली, प्रांताचे नाव टिकले, नटांची नावे तर टिकलीच. ज्याने गोष्ट बांधली त्याचे तेवढे गळले.

१५/
मी पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी हा विषय मांडला तेव्हा एका ज्येष्ठ अभ्यासकांनी विचारले, “सिनेमाच्या पटकथाकारात इतिहास कसला?” घरातल्यांचा प्रश्न निराळा होता आणि अधिक कठीण होता. टेबलावर स्पर्धा परीक्षेची पुस्तके होती आणि बाबांनी शांतपणे एवढेच विचारले की याने पुढे काय होईल. त्यांना देण्यासाठी माझ्याकडे आजही पक्के उत्तर नाही. ज्येष्ठांना देण्यासाठी मात्र आहे, आणि ते मी येथेच लिहून ठेवते.

साठ-सत्तरच्या दशकांत या देशातल्या कोट्यवधी माणसांनी न्यायालय आतून पाहिले नव्हते. त्यांनी ते पडद्यावर पाहिले. साक्ष म्हणजे काय, उलटतपासणी म्हणजे काय, पोलीस येण्याआधी गावाने काय करावे, शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हा दारात उभे करावे की नाही, या प्रश्नांवर त्यांनी अंधारात एकत्र बसून विचार केला. तो विचार ज्यांच्या मांडणीतून झाला ती माणसे इतिहासाच्या बाहेर कशी? कायद्याचा इतिहास लिहिताना आपण निकालपत्रे वाचतो. कायद्याविषयीच्या लोकभावनेचा इतिहास लिहायचा तर पटकथा वाचाव्या लागतील.

१६/
मराठी साहित्याच्या इतिहासाकडेही माझी एक मागणी आहे. कामत ‘सत्यकथा’शी जोडलेले असेपर्यंत त्या इतिहासाच्या कक्षेत राहतात, आणि चित्रपटाकडे वळताच जणू ते साहित्य सोडून परागंदा झाले, असे मानले जाते. वस्तुतः देवकुळे आणि काकोडकर यांच्या मराठी कथाविश्वाला पंजाबपासून मद्रासपर्यंतचा प्रेक्षक मिळाला, तो अशा पटकथाकारांमुळे. भाषा बदलली, बांधणी मराठी राहिली. ग्रंथाच्या पानावर न छापलेले लेखन हेही लेखन आहे. हे सांगण्यासाठी मी ग्रंथ लिहिण्याची वाट न पाहता धागा लिहीत आहे, याचीही काहींना गंमत वाटेल. वाटू द्या. ‘नीलांबरी’ वाचणारे हातसुद्धा एकेकाळी कव्हर शोधत होते.

१७/
शेवटी एक विनंती. या धाग्याचे वाचक विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात, इंदूर-बडोद्यापर्यंत पसरलेले आहेत. आपल्या घरी जुन्या ट्रंकेत, आजीच्या डब्यात किंवा बंद पडलेल्या टॉकीजच्या गोदामात गाण्यांच्या पुस्तिका, तिकिटांचे तुकडे, भित्तिपत्रके असतील. ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्या. नटनट्यांच्या चित्रांवर थांबू नका. अगदी खाली, सर्वांत बारीक अक्षरांत ‘पटकथा’ हा शब्द शोधा आणि त्याच्या पुढचे नाव वर्षासह येथे लिहा. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांना ‘मेरा गाँव मेरा देश’ची गोष्ट सांगायला लावा आणि डाकूचे नाव ते काय सांगतात, म्हाताऱ्याला किती हात होते असे म्हणतात, तेही नोंदवा. त्यांना मधे दुरुस्त करू नका. एका आजोबांची साक्ष माझ्याजवळ आहे. शंभर आजी-आजोबांच्या साक्षी एकत्र आल्या, तर एक विस्मृत पटकथाकार लोकांच्या आठवणीत कोणाकोणाच्या नावाने वावरतो आहे, हे आपल्याला दाखवता येईल.